जळलेल्या डोंगरावर जुलैत खड्डे खणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोरेगाव, मालाड, मुलुंड, येऊर या बाजूच्या डोंगरांवर वणवा लागला की पुढचा क्रम ठरलेला असतो. इमारतींच्या गच्च्यांवरून टिपलेली ज्वाळांची छायाचित्रे येतात, बंब वर पोहोचू शकले नाहीत अशी बातमी येते, आग कोणी लावली याची चार दिवस चर्चा होते. मग पाऊस सुरू झाला की त्याच उतारावर रोपे, कुदळी आणि छापील टी-शर्ट घेऊन शेकडो लोक येतात. त्यांच्या तळमळीबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण जळलेल्या डोंगराला आणि तिथल्या पाड्यांना माणसांची खरी गरज असते ती आग विझल्यापासून पहिल्या पावसापर्यंत, आणि त्यानंतर थेट नोव्हेंबरात. नेमक्या त्या दोन्ही वेळी डोंगरावर कोणी फिरकत नाही. वणवा विझवण्याच्या आणि जळलेली जागा सावरण्याच्या कामात असलेले आम्ही काही जण हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत.

आधी आपला वणवा कसा असतो ते सांगितले पाहिजे, कारण परदेशातल्या आगींची दृश्ये पाहून गैरसमज होतात. आपल्याकडे आग शेंड्याशेंड्याने पळत नाही, ती जमिनीलगत चालते. वाळलेले गवत, सागाची आणि ऐनाची पाने, कारवीच्या सुकलेल्या काड्या, घाणेरी आणि रानमोडीची झुडपे हे तिचे खाद्य. रानमोडीत तेलाचा अंश असल्याने ती अर्धवट हिरवी असतानाही पेटते. मुंबईत डिसेंबर ते मे या काळात विजांचा पाऊस जवळजवळ होत नाही, म्हणजे आग आपोआप लागत नाही. ती माणसाकडूनच लागते: कचरा पेटवणे, विडी-सिगारेट, जागा साफ करण्यासाठी लावलेली काडी, जाळले की गवत चांगले येते हा समज, कधी लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा.

वाऱ्याचे गणित मात्र मुंबईचे खास आहे. उन्हाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून असतो. दुपारी तो फिरतो आणि समुद्राकडून वाहू लागतो. गोरेगाव-मालाडच्या डोंगरांचे उतार पश्चिमेला तोंड करून आहेत. दुपारचे ऊन त्यांच्यावरच तापते, गवत तिथेच आधी वाळते, आणि खारा वारा ज्वाळांना नेमका चढाच्या दिशेने, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे ढकलतो. चढावर आग वेगाने धावते. दर दहा अंश चढाला वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. महामार्गाच्या अंगाला दुपारी तीन वाजता लागलेली ठिणगी सायंकाळपर्यंत माथ्यावर का पोहोचते, याचे उत्तर यात आहे. आग पाहून घाबरलेला माणूस स्वाभाविकपणे वर पळतो. पळायचे असते ते बाजूला, किंवा आधीच जळून काळ्या पडलेल्या जागेत.

३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगाव पूर्वेला, जनरल अरुणकुमार वैद्य मार्गालगतच्या डोंगरावर लागलेली मोठी आग अनेक वाचकांना आठवत असेल. तारीख पुन्हा वाचावी. आपल्याकडे वणव्याचा अधिकृत हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. विदर्भातल्या साग-बांबूच्या जंगलाला तो लागू पडतो. मुंबईच्या पश्चिम उतारांवरचे गवत मात्र नोव्हेंबरअखेरच वाळलेले असते. कामाची वेळापत्रके हंगामाच्या तारखेवर बेतली की इथे दोन-अडीच महिने डोंगर उघडा राहतो.

उपग्रहाच्या सूचनेवरही फार विसंबून चालत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाची मोबाइलवर येणारी सूचना उपयोगी आहे आणि कोणीही त्यासाठी नाव नोंदवू शकतो. पण ज्या उपग्रहांवर ती मुख्यतः आधारलेली आहे, ते दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात, आणि त्यांचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३७५ मीटरचा चौकोन. चार वाजता लागलेली आग मध्यरात्र उलटेपर्यंत नजरेतून सुटू शकते. त्या वेळी पाड्यातून किंवा शेजारच्या इमारतीतून १०१ आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकांवर गेलेला फोन उपग्रहाच्या आधी पोहोचतो. फोनवर ‘डोंगराला आग लागली आहे’ एवढे पुरत नाही. कोणत्या फाटकापासून किंवा पाड्यापासून, आग चढते आहे की उतरते आहे, खाली घरे आहेत का आणि गाडी कुठवर येते, या चार गोष्टी सांगाव्यात.

विझवण्याच्या कामाबद्दल थोडक्यात. पाण्याचा बंब वर चढत नाही हे धरूनच चालावे. कामाला येतात ते पाठीवरचे ब्लोअर, ओल्या फांद्यांचे झोडपे आणि लांब दांड्याचे लोखंडी दाताळे. आगीच्या डोक्यासमोर, म्हणजे ती पुढे सरकते त्या टोकासमोर, कधीही उभे राहायचे नाही. जळून गेलेल्या शेपटाकडून सुरुवात करून दोन्ही कडांनी पुढे सरकायचे, पुढे ब्लोअर आणि मागे झोडपे घेतलेली दोन-तीन माणसे. ब्लोअरचा झोत जळत्या कडेवरून काळ्या जागेकडे मारायचा. उलट मारला तर ठिणग्या आपणच कोऱ्या गवतात उडवतो. टू-स्ट्रोक ब्लोअरला तेल-पेट्रोलचे मिश्रण लागते, बहुतेक यंत्रांना १ः५०, म्हणजे लिटरला २० मिलि तेल. घाईत नुसते पेट्रोल भरून यंत्र जाम झाल्याची उदाहरणे ढिगाने आहेत. भरलेली टाकी पूर्ण वेगावर साधारण तासभर पुरते. इंधन भरताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यायचे आणि ठेवायचे ते उघड्या मातीवर. तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतावर टेकला की दुसरी आग तिथेच लागते. आणि कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. पॉलिस्टरचे टी-शर्ट घालून स्वयंसेवकांना आगीजवळ नेणे हा गुन्हाच समजावा, ते कापड वितळून कातडीला चिकटते.

रात्री गारवा वाढतो, वारा पडतो, ज्वाळा बसतात आणि सगळे घरी जातात. इथेच सर्वांत मोठी चूक होते. वाळलेली शेणे, झाडांच्या ढोल्या, पडलेले ओंडके तासन् तास आतून धुमसत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्राचा वारा सुटला की तीच आग पुन्हा उठते. त्यामुळे पहाटे परत चढून जळलेल्या कडेच्या आतला दहा मीटरचा पट्टा हाताने तपासावा लागतो. हात टेकवायचा नाही. तळहाताची मागची बाजू राखेच्या वर धरली तरी ऊब कळते. धुमसणारा ओंडका फोडायचा, माती टाकून कालवायचा, पुन्हा हात धरून बघायचा. नुसती माती वरून लोटली तर आच आत टिकते.

आता पाड्यांविषयी. आरेत आणि उद्यानाच्या कडेला वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबांचे पाडे आहेत. आगीत घर वाचले तरी बरेच काही जाते: वैरण, वर्षाचा लाकूडफाटा, भाजीच्या वाडीचे कुंपण, बांबू, आणि डोंगरातून आणलेली पाण्याची काळी पाइपलाइन. ‘जीवितहानी नाही’ या दोन शब्दांत हे सगळे बुडते. आग लागल्यावर मदतीला जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी करावे असे काम म्हणजे राख उपसण्याआधी प्रत्येक घराची, गोठ्याची, वाडीची छायाचित्रे काढणे आणि घरमालकासमोर बसून यादी करणे. पाइप किती फूट, टाकी किती लिटरची, वैरण किती भारे, शेळ्या-कोंबड्या किती, असे मोजून लिहावे. तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा बहुधा अर्धी जागा साफ झालेली असते, आणि जे दिसत नाही ते पंचनाम्यात येत नाही. आपत्ती मदत निधीच्या यादीत आग आहे, पण पंचनामा नसेल तर अर्जच उभा राहत नाही. जळालेल्या शिधापत्रिका, आधार, जातीचे दाखले, वनहक्क दाव्याच्या पावत्या यांची पोलीस ठाण्यात घरनिहाय नोंद करून तिची प्रत ज्याच्या त्याच्या हातात द्यावी. वनहक्काची पावती सर्वांत आधी शोधावी, कारण तिची दुसरी प्रत मिळवणे सर्वांत अवघड.

पाण्याबद्दल विशेष सावध राहावे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पॅराडाइज हे गाव वणव्यात जवळपास पुरते जळाले, ८५ माणसे गेली. आग विझल्यावर तिथल्या नळाच्या पाण्यात बेन्झीन सापडले. प्लास्टिक तापल्यावर सुटलेली रसायने आणि धूर पाइपांत ओढले गेले होते. आपल्या पाड्यांत पाइप जमिनीवरून, गवतातूनच जातात. त्यामुळे वितळलेला तुकडा कापून सांधा मारला म्हणजे काम झाले असे नाही. जिथपर्यंत पाइपाचा आकार बदलला आहे, चकाकी गेली आहे किंवा वास येतो आहे, तिथपर्यंतचा पूर्ण पाइप बदलावा. कडा वितळलेली टाकी पिण्यासाठी परत वापरू नये. पाणी उकळल्याने जंतू मरतात, ही रसायने जात नाहीत. नवी लाइन टाकताना ती वीतभर खोल पुरली तर पुढच्या आगीत वाचते. तोपर्यंत टँकर किंवा कॅन द्यावेत, आणि देणाऱ्यांनी तो खर्च निदान महिनाभराचा धरावा.

घर पुन्हा उभारताना दोन्ही बाजूंनी शेण-मातीने नीट लिंपलेला कारवीचा कूड हा निळ्या प्लास्टिकपेक्षा आगीत कितीतरी जास्त टिकतो. प्लास्टिकची ताडपत्री वितळते आणि तिचे जळते थेंब खाली अंथरुणावर पडतात. तात्पुरता निवारा म्हणून ती ठीक आहे; मदत म्हणून छपराला पत्रे आणि वासे दिले तर घर लवकर उभे राहते. वळचणीला रचलेला लाकूडफाटा आणि पश्चिमेकडे लावलेली गवताची गंजी, या दोनच गोष्टींमुळे बहुतेक घरे पेट घेतात. गंजी घरापासून पंधरा मीटर लांब आणि शक्यतो पूर्वेच्या अंगाला असावी, घराभोवती दहा मीटर जमीन झाडलेली असावी.

यानंतरचे काम मातीचे, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो ११ जूनच्या सुमारास येतो. एप्रिलमध्ये जळालेल्या उताराला त्याआधी जेमतेम दोन महिने मिळतात. वर गवत नाही, पाचोळा नाही, राखेने मातीची छिद्रे बुजलेली. पहिल्या जोरदार सरींत वरचा सुपीक थर राखेसकट खाली येतो. ओशिवरा, पोईसर, दहिसर, मिठी या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. तुळशी आणि विहार तलावही इथलेच. म्हणजे ही माती आधी पाड्याच्या ओहोळात, मग आपल्याच नाल्यांत आणि तलावांत येणार.

ती अडवायला यंत्र लागत नाही. दोन मीटर उंचीच्या दोन काठ्या वरून बांधून, मध्ये आडवी काठी लावून, वरून दगड बांधलेली दोरी सोडली की ए-फ्रेम, म्हणजे उतारावर एकाच पातळीच्या जागा शोधण्याचे साधन, तयार होते. आडव्या काठीवर मधली खूण आधी नीट ठरवून घ्यायची: फ्रेम एकदा सरळ आणि एकदा दोन्ही पायांची अदलाबदल करून त्याच दोन ठिकाणी ठेवावी, दोरीच्या दोन खुणांचा मध्य ही खरी खूण. मग उतारावर पाच ते आठ मीटरच्या अंतराने समतल रेषा आखाव्यात आणि त्यांवर अर्धवट जळालेल्या फांद्या, कारवीच्या काड्या आडव्या रचून खुंट्या ठोकाव्यात. फांदी आणि जमीन यांत फट राहिली तर पाणी तिथूनच घुसते आणि होती त्यापेक्षा मोठी घळ पडते, म्हणून फट दगड-मातीने बुजवणे हे खरे काम आहे. रेषेची दोन्ही टोके चढाकडे किंचित वळवावीत. ओघळींत अनघड दगडांचे छोटे बांध घालावेत, उंची दोन फुटांपेक्षा जास्त नको, मधला भाग कडांपेक्षा खाली, मोठे दगड खालच्या अंगाला. सुरुवात माथ्याकडून, पायथ्याकडून केली तर वरून आलेला लोंढा तुमचाच बांध घेऊन जातो. पाणलोटाच्या कामातले सलग समतल चर मात्र जळालेल्या तीव्र उतारावर खणू नयेत. त्या वेळी माती धरून ठेवणारी एकच गोष्ट शिल्लक असते, जमिनीखालची मुळे, आणि चर खणताना तीच तुटतात.

रोपांच्या खड्ड्यांनाही हाच आक्षेप आहे. जळलेला डोंगर मेलेला दिसतो, पण तसा नसतो. पळस, कुंभा, ऐन यांची जाड साल आग सोसते. साग, खैर, कुडा बुंध्यातून फुटतात. मेले की जगले हे पाहायचे तर खोडाला जमिनीलगत नखाने किंवा चाकूने बारीक खरवडावे, आत हिरवे आणि ओलसर दिसले तर झाड जिवंत आहे. अशा बुंध्याला पाच-सहा फुटवे येतात; दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांतला जोमदार एक, फार तर दोन ठेवून बाकीचे कापावेत. तयार मुळांवरचा फुटवा नर्सरीतल्या रोपाला सहज मागे टाकतो आणि त्याला पाणी घालावे लागत नाही. गवताचे ठोंब, हळदीच्या कुळातले कंद, शेवळाचे कंद सगळे जमिनीखाली सुरक्षित असतात. पहिल्या वळवानंतर शेवळे वर येतात आणि पाड्यातल्या बायका ती गोरेगावच्या बाजारात आणतात. दीड फुटी खड्ड्यांची रांग खणणारा कुदळीगणिक हे कंद तोडतो, आणि त्यावर शेकडो पावले फिरून फुटवे तुडवले जातात. वर लावायचे काय, तर मिळेल ते. आगीला आणि गुरांना दाद न देणारी म्हणून एके काळी गिरिपुष्पाची भरमसाट लागवड झाली. त्याखाली देशी झाड फारसे उगवत नाही हे आज दिसतेच आहे.

कारवीचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे. मुंबईच्या डोंगरांवरची कारवी आठ वर्षांनी फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. फुलून झाली की झाड मरते, बोंडे पुढच्या उन्हाळ्यात तडतड फुटून बी पडते आणि त्या पावसात उगवते. त्या उन्हाळ्यात काड्या कोळशासारख्या पेटतात आणि बी अजून बोंडांत असते. त्या एका हंगामात आग गेली तर आठ वर्षांची कमाई एका दुपारी संपते. २०३२ च्या फुलोऱ्यानंतरचे सहा महिने आत्तापासून राखणीच्या वेळापत्रकात लिहून ठेवावेत.

जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांना डोंगरावर जायचेच आहे, त्यांच्यासाठी काम आहे. जळालेल्या जागेवर सर्वांत आधी रानमोडी आणि घाणेरी घुसतात, आणि पुढच्या आगीचे खाद्य तेच असते. रानमोडीचे कोवळे रोप ओल्या मातीतून मुळासकट सहज उपटता येते. नोव्हेंबर-डिसेंबरात ती फुलते, त्याआधी ते व्हायला हवे. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे, मुळे वर करून ठेवावे लागते. उतारावर पाचपाचच्या गटाने, फुटव्यांना आणि गवताला धक्का न लावता, स्थानिक माणसाला बरोबर घेऊन आणि वन विभागाच्या परवानगीने हे करावे. आणि दोन पावसाळे त्या तुकड्यात गुरे सोडू नयेत. त्यासाठी पाड्याला दुसरीकडून वैरण मिळाली पाहिजे. नुसती बंदी टिकत नाही.

राहिली जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा. ती नोव्हेंबरअखेर तयार हवी. गवताच्या उंचीच्या किमान तिप्पट रुंदी, माथ्यावर त्याहून जास्त. कापलेले गवत कडेला ढीग करून ठेवायचे नाही. ते पट्ट्याच्या मधोमध पसरून, पहाटेच्या दवात, दोन्ही कडा आधी झाडून, वन कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली जाळायचे. साग जानेवारी ते मार्च पाने गाळतो, त्यामुळे एकदा काढलेली रेषा फेब्रुवारीत भरून जाते. दर दोन-तीन आठवड्यांनी ब्लोअरने ती झाडावी लागते, आणि मजुरी द्यायची ती या फेऱ्यांची. आगीवर नजर ठेवणारे आगराखे पाड्यांतलेच नेमावेत आणि त्यांना मार्चपर्यंत थांबवून न ठेवता डिसेंबरपासून पगार द्यावा.

वृक्षारोपणासाठी निधी देणाऱ्या कंपन्या, गृहसंकुले आणि संस्था यांना आमची विनंती आहे की यंदाच्या रोपांचे पैसे चार ब्लोअर, त्यांचे सुटे भाग, सुती गणवेश, बूट आणि पाड्यातल्या आगराख्यांची डिसेंबर ते मे ही सहा महिन्यांची मजुरी यासाठी राखून ठेवावेत, आणि ती रक्कम ऑक्टोबरमध्ये हाती पडेल असे पाहावे.

आपले,
वणवा प्रतिबंधाच्या कामातील काही कार्यकर्ते,
गोरेगाव (पूर्व), मुंबई